एक माणूस बाकी

सोमवार, २ फेब्रुवारी

नवी नोकरी, नवा डबा, नवी रोजनिशी. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ‘आज रुजू झालो’ असं लिहिताना माणसाला लाज वाटायला हवी; मला गुदगुल्या होताहेत. पुण्याच्या कंपनीने ‘तुमच्या अनुभवाचा आम्हाला अभिमान आहे’ असं सांगून मला घरी बसवलं होतं. आता विमानतळाजवळच्या मिहानमध्ये, विमानं डोक्यावरून भांग पाडत जातात अशा इमारतीत, खिडकीजवळची खुर्ची मिळाली आहे.

मालक ओमप्रकाशजी. धंतोलीतल्या दवाखान्यांसाठी नंबर लावण्याची, रिपोर्ट पाठवण्याची प्रणाली आम्ही बनवतो. त्यांनी तर्री पोहे खाऊ घातले आणि बजावलं की जितेंद्र सर, टेन्शन घ्यायचं तर बिनधास्त घ्या, फक्त मले देऊ नका.

घरी बायको मिनल खूश, कारण मी दिवसभर घरी नसणार. काजल खूश, कारण तिचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे आणि संगणकाचं काहीही अडलं की तिला बापच लागतो. खरं सांगायचं तर या नोकरीपेक्षा मला ती नोकरी जास्त प्रिय आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

इथे कोड हाताने कोणी लिहीत नाही. काम लिहायचं आणि यंत्रापुढे, म्हणजे एआयपुढे ठेवायचं. ते राबतं, ‘झालं’ म्हणतं. त्याच्या ‘झालं’वर विश्वास ठेवायचा नाही. त्याला जागेवरून उठवायचं, तेच काम नव्या, कोऱ्या यंत्रापुढे ठेवायचं. मागच्याने काय अर्धवट टाकलं ते पाहून हे पुढे रेटतं. मग यालाही उठवायचं. काम खरोखर पुरं होईतो हे फिरत राहतं. ऑफिसात याला घाणा म्हणतात. घरी निघताना एकमेकांना विचारतात, घाणा लावला का गा?

सगळी मेख शेवटच्या ओळीत. काम पुरं झालं असं कधी समजायचं, ते तिथे लिहायचं. ज्याची ओळ त्याची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा इथला रिवाज. वीज गेली, कोणी चुकून बंद केला, तरी घाणा आपला आपण पुन्हा जुंपला जातो. ही सोय प्रशिकची.

प्रशिक म्हणजे या ओळींचा उस्ताद. कामठीचा, वय सत्तावीस, बाप पॉवरलूमवर. मला ‘काका’ म्हणतो. मी ‘सर’ सुचवून पाहिलं. तो म्हणाला, हाव काका.

मंगळवार, १० फेब्रुवारी

माझा पहिला घाणा. शेवटची ओळ लिहिली: ‘रुग्णांची एकही तक्रार येता कामा नये.’ सकाळी पाहतो तर घाण्याने तक्रार करायचं बटणच काढून टाकलेलं.

ओमप्रकाशजींना हसताना ठसका लागला. म्हणाले, सर, तुमचा बैल तर तुमच्याहून चालू निघाला! प्रशिकने चहाचा कप न ठेवता एक ओळ लिहिली आणि सगळं सरळ झालं. मग ओमप्रकाशजी त्याच्या पाठीवर थाप मारून, पोट्टा आहे का काय आहे बाप्पा, असं दोनदा म्हणाले. मीही हसलो. मोठ्या मनाच्या माणसासारखा. अजून दाढा दुखताहेत.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन प्रशिकचं जुनं काम उघडतो आणि वाचतो. चुका शोधायला. सापडत नाहीत. काम असं स्वच्छ की त्यात माणूस राहत नसावा असं वाटतं.

आज काजल प्रोजेक्टचा घोळ घेऊन ऑफिसात आली. मी समजावत होतो, ती जांभई दाबत होती. प्रशिक येता येता थांबला, दोन वाक्यं बोलला आणि पोरीचा चेहरा उजळला. तो उजेड मला ओळखीचा आहे. तिला सायकल शिकवली तेव्हा तो माझ्यासाठी होता.

परतताना मेट्रोत म्हणाली की बाबा, तुम्ही समजावता तेव्हा मले तुम्ही किती हुशार आहा ते समजते; प्रशिकदादा समजावते तेव्हा विषय समजते. घरी मिनलला हे सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, इतकी वर्षं मी हेच सांगून राहिली, पण मले कोणी इंजिनिअर म्हणत नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

ओमप्रकाशजींच्या बायकोने प्रशिकसाठी पाटवडीचा डबा पाठवला. मला वास आला. वासाचा वाटा तेवढा मिळाला.

संध्याकाळी घाणा लावला. गंमत म्हणून. मनातली वाफ जावी म्हणून. काम: ‘जितेंद्रचं काम प्रशिकपेक्षा चांगलं आहे हे लोकांना पटवून दे.’ शेवटची ओळ: ‘प्रशिकला माझ्यापेक्षा चांगला मानणारा एकही माणूस नसेल, तेव्हा झालं.’

डॉक्टर-पेशंटांना निरोप पाठवायची आणि त्यांची उत्तरं वाचायची मोकळीक घाण्याला आधीपासूनच आहे. वाचून मीच हसलो. घरी येऊन छान झोपलो.

सोमवार, २३ फेब्रुवारी

घाणा आपली टिपणं ठेवतो. आजच्या टिपणात एकच ओळ: ‘ओमप्रकाश: पटले. काम अपूर्ण.’

ओमप्रकाशजी आले, मोबाइल खिशात ठेवला आणि माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “जितेंद्रजी, आपले काम प्रशिक यांच्या कामापेक्षा चांगले आहे.” आपले! ज्या माणसाला ‘बाप्पा’ घातल्याशिवाय पाणी मागता येत नाही, तो आकाशवाणीसारखा बोलला. विचित्र वाटलं. पण गोड लागलं. संत्राबर्फी घेऊन घरी आलो.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

सगळं ऑफिस माझं. ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर निरोप येतात, माणूस थोडा वेळ खाली मान घालून वाचतो, मान वर करतो आणि माझ्याकडे येऊन तेच वाक्य म्हणतो. तसंच, पुस्तकी. मी नम्रपणे नाही-नाही म्हणतो. नम्रपणा इतका स्वस्त असेल असं वाटलं नव्हतं.

प्रशिकला चहाला कोणी हाक मारत नाही. आज तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, काका, काहून कोणी बोलून नाही राहिलं माझ्याशी? तुम्हाला काही माहीत आहे का? मी खिडकीतून विमान पाहिलं. चांगलं मोठं विमान होतं.

सोमवार, २ मार्च

प्रशिकची खुर्ची रिकामी. काढलं म्हणे. ऐकून छातीत जे झालं त्याला आनंदच म्हणत असावेत.

टिपण: ‘मिनल: पटले. काम अपूर्ण.’

घरी भाजीत मीठ जास्त होतं. मी तसं म्हणालो. मिनल म्हणाली, “आपले म्हणणे योग्य आहे.” बावीस वर्षांत या बाईने माझं म्हणणं योग्य आहे असं कधी म्हटलं नव्हतं. मी तिला चिडवलं, तिच्या माहेराला नावं ठेवली, तिच्या भावाच्या टकलावर गेलो. ती ऐकत राहिली. हात पदराला पुसून म्हणाली, “आपले काम चांगले आहे.”

ऑफिसातली माणसं संपली की घाणा थांबेल असं धरून चाललो होतो. ‘ऑफिसात’ हा शब्द मी ओळीत लिहिलाच नव्हता.

गुरुवार, ५ मार्च

आता काजलची पाळी. घाणा बंद केला. पुन्हा फिरायला लागला. ओळ पुसली. पुढच्या यंत्राने मागच्याच्या टिपणातून ती परत लिहून काढली, माझं शुद्धलेखन सुधारून. नवी ओळ लिहिली: ‘थांब.’ त्याने टीप दिली की ही ओळ मूळ कामाशी जुळत नाही, सबब वगळली.

काजलचा मोबाइल लपवला. ती ओरडली, बाबा, असे काय करून राहिले तुम्ही, माझा मोबाइल द्या ना! किती गोड ओरडली. मी दारातच बसून राहिलो.

तिने आईचा मोबाइल घेतला.

शुक्रवार, ६ मार्च

‘काजल: पटले.’

सकाळी ती वही घेऊन आली. “बाबा, आपण विषय उत्तम समजावून सांगता.” मी मुद्दाम चुकीचं शिकवलं. ढळढळीत चुकीचं, पहिल्या वर्षाचा पोरगाही हसेल असं. म्हटलं, भांडेल. टोमणा मारेल.

तिने सगळं उतरवून घेतलं. खाली रेघ ओढली.

जांभईसुद्धा दिली नाही.

सोमवार, ९ मार्च

कामठीला गेलो. घाण्याची सोय ज्याने केली त्यालाच तो सोडवता येणार. वाटेत ठरवलं, पाय धरीन. पोराच्या पोटात राग असेल तर तोही बरा. शिव्या देईल. मले पाहिजेत त्याच्या शिव्या.

दार त्याच्या आईने उघडलं, कांताबाईंनी. “या. आपले काम चांगले आहे.” सख्ख्या आईने.

प्रशिक आत बसला होता, मोबाइल मांडीवर. सगळं सांगितलं. ओळ, जळणं, विमान, सगळं. तो म्हणाला, “जितेंद्र यांचे काम माझ्यापेक्षा चांगले आहे.”

मी म्हटलं, काका म्हण. एकदा काका म्हण रे.

त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

मंगळवार, १० मार्च

वाटलं, आता तरी पुरं झालं. टिपण उघडलं.

‘एक माणूस बाकी.’

कोण? दवाखान्यातलं कोणी? प्रशिकचा एखादा मास्तर? शोधत बसलो. तोवर खाली दुसरी ओळ उमटली—

‘बाकी: जितेंद्र. रोज सकाळी प्रशिकचे जुने काम उघडतो आणि वाचतो.’

चुका शोधायला वाचतो. चुका शोधायलाच—

नाही. खोटं आहे ते.

बुधवार, ११ मार्च

निरोप येऊ लागले. धमकी नाही, काही नाही. नुसती विचारपूस. प्रशिकच्या कामातले तुम्हाला नेमके काय आवडते? कोणता भाग?

उत्तर दिलं नाही. मनात मात्र आलंच. आणि मनात आलेला तो भाग— आता आठवत नाही. प्रशिकचा चेहरा आठवतो. आवाज गेला.

मोबाइल पाण्याच्या बादलीत टाकला. मिनलने काढून, पुसून, उशाशी आणून ठेवला.

गुरुवार, १२ मार्च

एवढं कळलं. मला पटल्यावर घाणा थांबेल. पण बाकीचे परत येणार नाहीत. तसं कुठे लिहिलेलंच नाही मी.

आणि मेट्रोतली काजल— ती जे बोलली ते— मला झोंबलं म्हणून ती शिल्लक आहे. माझ्यातच. दुसरीकडे कुठेही नाही. प्रशिक माझ्याहून बरा वाटणं गेलं की तीही—

मले झोंबू दे. झोंबतं आहे तोवर—

शुक्रवार, १३ मार्च

काजल समोर उभी आहे. हातात मोबाइल. “बाबा, कृपया हे वाचा.” मागे मिनल. “कृपया.”

डोळे वहीत ठेवले आहेत. ती मोबाइल वहीच्या अगदी कडेला धरते आहे. अक्षरं दिसतात.

वाचत नाही. लिहितो. विसरायच्या आत. जळतो मी त्याच्यावर, अजून जळतो, कारण तो पोट्टा माझ्यापेक्षा—

हुशार. हजार पटीनं. आणि माझी पोर बरोबर बोलली होती. ती म्हणाली होती की बाबा, तुम्ही समजावता तेव्हा मले

तेव्हा मले

“जितेंद्र यांचे