बाबांची संमती

मसोली, ८ नोव्हेंबर २०२५

प्रिय संगिताताई, स. न. वि. वि.

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय. आळस नव्हे गं, धीर होत नव्हता. घरातला फोन बाबांच्या खिशात, म्हणून पत्र.

इथे चिकूच्या वखारीत लागलोय. मालकीण अंबूबाई विचारत होत्या, तुम्ही क्वेकर म्हणजे कसले ख्रिस्ती? सांगितलं, पाद्री नाही, गाणी नाहीत. रविवारी गोल करून गप्प बसतो, आतून आलं तर उठून बोलतो. तर म्हणतात कशा, गप्प बसायला एवढी माणसं कशाला लागतात रे! मध्ये वरोरला गेलो होतो, तिथले बोंबील म्हणजे... जाऊ दे, भरकटलो.

गेल्या वर्षी मी बैठकीत उठून म्हणालो की देवाचा उजेड येशूला न मानणाऱ्याच्या आतही असतो, त्यालाही सभासद करा. तेव्हा बाबा उठून गेले, ते अजून येत नाहीत का? ठराव तसाच अडलाय?

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

जीवन

तलासरी, १७ नोव्हेंबर

चि. जीवनास अनेक आशीर्वाद.

बोंबीलपुराण पोचलं. तुझा ठराव सुटला. आपल्यात मतदान नाही, एकाचंही मन नसेल तर ठराव बैठकीच्या वहीत लिहीत नाहीत, म्हणून वर्षभर सगळे बाबांसाठी थांबले. काल बाबा आले. म्हणाले, येशूशिवाय मला उजेड दिसत नाही, पण माझ्यापायी पोरं अडायला नकोत. सभासदांतून माझं नाव काढा. चाळीस वर्षं ती वही त्यांनीच लिहिली. आता निलम लिहिते, तिला अक्षर काढवेना. ३० तारखेला वाचून पक्कं करतील.

बाबा जेवणाआधीची प्रार्थनाही आता मोठ्याने म्हणत नाहीत. तुझ्या मनासारखं झालं ना रे?

वेळेवर जेव. माया आहेच.

संगिता

मसोली, २२ नोव्हेंबर

ताई, स. न. वि. वि.

पत्र वखारीतच वाचलं, पुढ्यातले चिकू निवडायचे राहिले. मला हे नको होतं गं. ३० तारखेला बैठकीत उठून सांग, जीवनची संमती नाही. माझं म्हणणं बदललेलं नाही, पण बाबांना वगळून ते वहीत चढायला नको. एकाच्या नकारापाशी सगळ्यांनी थांबायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. निलमला म्हणावं...

थांब, अंबूबाई हाका मारताहेत.

ताई, बाबा आलेत. एकटेच. पाणीही घेत नाहीत. दारातूनच विचारताहेत, उद्या रविवार, तिकडे आता माझी जागा नाही, तुझ्याजवळ बसू का?