घरातली वयं आणि विजेचा मीटर

१ जानेवारी १९४१, सकाळी साडेसहा
पाच वर्षांपूर्वी तहसिलीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो, तेव्हापासून डोकं नुसतं पडून आहे. आजपासून ते पडून राहणार नाही. मलकापुरात आमच्या घरी वीज येऊन वर्ष झालं. मीटर कंपनीचा, पण तो पळवतं कोण, हे कोणी शोधलेलं नाही. माझी थिअरी तयार आहे : वय जितकं कमी, वीज तितकी जास्त. पुराव्याची सोय घरातच आहे. मी (साठ), आत्या मनकर्णाबाई (ऐंशीच्या आसपास), मुलगा महादेव (एकतीस), सून, नात, नातू. जिल्ह्याच्या साहेबांना रिपोर्ट पाठवणार.

२ जानेवारी
भिंतीवर तक्ता लावला. बटन दाबलं की नाव आणि मिनिटं लिहायची. माझं नाव तक्त्यात नाही. निरीक्षण करणाऱ्याची वीज कामाच्या खाती.

९ जानेवारी
महादेव बैठकीत बसून घड्याळं दुरुस्त करतो. रोज संध्याकाळी तीन तास, तेही साठ वॉटच्या बल्बखाली. तक्त्यात पहिला नंबर. तिथे पंधराचा बल्ब लावला. साठचा माझ्या खुर्चीवर घेतला. निरीक्षणाला उजेड लागतो. महादेव घड्याळ डोळ्यांजवळ धरून काम करत राहिला. याला डिसिप्लिन म्हणतात.

१० जानेवारी
सून म्हणते, काल मी तोंडावर पेपर घेऊन घोरत होतो आणि साठचा चालूच होता. चूक. डोळे मिटून विचार करत होतो.

१६ जानेवारी
आत्याचं एक खूळ. दिवेलागणीला ओसरीतला बल्ब लावते, त्याला हात जोडते, आणि घरचं शेवटचं माणूस घरात आल्याशिवाय तो बंद करू देत नाही. आज महादेव बाजारात होता. मी बंद करायला गेलो तर ओरडली, ‘पोरगं बाहीर हाये अन् तू दिवा मालवून राह्यला? काऊन बे शेषा?’ साठाव्या वर्षी मला बे! तिचा दिवा तक्त्यात धरला नाही. तो धर्माचा भाग. थिअरीला धक्का नाही.

४ फेब्रुवारी
सेन्ससचं काम मागून घेतलं. तीन गल्ल्या मिळाल्या. वय विचारायचा सरकारी अधिकार! सोबत बल्बही मोजणार. तसा रकाना नाही, माझ्या वहीत लिहीन.

२६ फेब्रुवारी
पाय भरून आले. लोकांना स्वतःचं वय माहीत नसतं. तानुबाई म्हणते प्लेगच्या साली ती रांगत होती; कोणत्या प्लेगच्या, ते सांगत नाही. आणि बल्ब किती विचारलं की दार लावून घेतात. सायकलवाल्या गुलाम रसूलकडे अकरा माणसं, सगळी चाळिशीच्या आतली, बल्ब एक. रामरावांकडे फक्त दोन म्हातारी माणसं, बल्ब सहा. सगळीकडे आकडे उलटे. लोक खोटं सांगतात, दुसरं काय.

७ मार्च
मीटर वाचायला कंपनीचा नजीर आला. त्याला थिअरी समजावली. पेन्सिल कानावर ठेवून म्हणाला, ‘साहेब, मी दोनशे घरं फिरतो. जवान मानूस दिवसभर बाहीर, रात्री पडला का झोपला. म्हाताऱ्याले दिसत नाही, झोप येत नाही, एकट्याले भेव वाटते. मीटर त्याच्याच घरी पयते.’ अनुभव आहे, पण शिक्षण नाही. आमचे युनिट कमी झाले का विचारलं. वाढले म्हणाला. त्याला चहा दिला नाही.

८ मार्च
महादेवने विचारलं, साठचा बल्ब परत मिळेल का? गिऱ्हाइकाच्या घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग अंधारात तुटली म्हणे. मी तक्त्याकडे बोट दाखवलं. म्हणालो, एवढा उजेड हवा असेल तर जिथे मिळतो तिथे जावं. बोलण्याच्या ओघात. त्याने मान हलवली. समजलं त्याला.

१९ मार्च
नागपूरहून महादेवला पत्र. सीताबर्डीवर घड्याळाच्या दुकानात जागा आहे. सूनबाई आज गुणगुणत होत्या. तो जाणार नाही. स्वतःचं घर सोडून कोण जातं?

११ एप्रिल
मुलांची परीक्षा संपली. आज सकाळच्या गाडीने गेले. चौघंही. स्टेशनवर मी हमालाशी वाद घालत होतो, म्हणून नीट बोलणं झालं नाही. गाडी सुटताना नात म्हणाली, ‘आजोबा, आता तक्त्यात कोणाचं नाव लिहिनार?’ एका दृष्टीने उत्तमच झालं. तरुण वजा झाले, आता वीज किती उतरते ते बघायचं. इतकं स्वच्छ प्रूफ मिळत नसतं.

२० एप्रिल
घर इतकं मोठं आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. बैठकीत बसलो की माजघरातला दिवा लावून ठेवतो. मागे अंधार बरा वाटत नाही. न्हाणीकडे जाताना ठेच लागली, तिथेही एक. मुलांच्या खोलीतला सहज. हे सगळं तात्पुरतं.

८ मे, दुपारी
नजीर आला. मीटर दोनदा वाचला. सहा माणसांत जेवढी वीज जळत होती, त्याहून जास्त दोघांत जळली. मी म्हणालो, मीटर बिघडलाय. त्याने घरभर फिरून सगळी बटनं बंद केली. मीटर मुकाट थांबला. एक लावलं, चालला. ‘मीटर चांगला हाये साहेब,’ म्हणाला, आणि काही शिकवलं नाही. आज त्याला चहा दिला. बराच वेळ बसला. बरं वाटलं.

तो गेल्यावर पाहतो तर भर उन्हात ओसरीतला बल्ब चालू. आत्याने पुन्हा लावला होता. मला वाटायचं ती रोज सकाळी बंद करते. बटनाकडे हात नेला तर म्हणाली, ‘राहू दे. महादेव बाहीर हाये ना.’ अकरा एप्रिलपासून तो विझलेलाच नाही. मी हात मागे घेतला.

९ मे, दिवेलागण
तक्ता काढला. भिंतीचा रंग तेवढ्यापुरता नवा दिसतो. रिपोर्टऐवजी महादेवला पत्र लिहायला बसलो. निष्कर्ष कळवणार होतो. मी एकटा पडलोय आणि चूक माझी आहे, हेही लिहायचं मनात होतं. हात चालला नाही. साठचा बल्ब तुझ्या जागेवर परत लावला आहे, एवढंच लिहिलं.

मग खरोखरच लावला. उजेड छान पडतो, चटईवर सांडलेला एक बारीक स्क्रूसुद्धा दिसला. आत्या आली, तिने त्यालाही हात जोडले. बंद करू का, असं मी तिला विचारलं नाही.