बाकावरची चार वर्षं

सर, माझा मुलगा ओहायोमधल्या एका छोट्या कॉलेजच्या टीममध्ये चार वर्षं गोलकीपर होता आणि चार वर्षांत सगळी मिळून अकरा मिनिटं खेळला. तिकडे फुटबॉलला सॉकर म्हणतात. तुम्ही ऐकलं असतं तर तोंड वाकडं करून म्हणाला असता, “म्हणू देत की, बॉल तर गोलच आहे न्हवं.” तो जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात, त्यामुळे यातलं काहीच तुमच्या कानावर घालता आलं नाही. त्याचा शेवटचा सीझन संपून आता चार महिने झालेत. शारजात, अल मजाजच्या घरात मी एकटीच आहे, क्लिनिकला सुट्टी आहे, म्हणून लिहायला बसले.

मी तुमच्यापुढे पहिल्यांदा उभी राहिले ती इथे अमिरातीतच, अल ऐनच्या शाळेत, नववीत. तुम्ही कोल्हापूरहून आलेले पीटीचे सर, आणि मुलींची फुटबॉल टीम काढायचं तुमच्या डोक्यात होतं. आमच्या अब्बांनी साफ नाही म्हटलं. रत्नागिरीकडच्या आमच्या घरात मुलीने हाफ पँट घालून मैदानात धावायचं म्हणजे विषयच खलास. शुक्रवारी तुम्ही घरी आलात. अम्मीने चहा ठेवला, मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. तुम्ही खेळाचे फायदे वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालात, “पोरगी उंच आहे, तिला गोलात उभी करतो. गोलकीपरला फुल बाह्या, फुल पँट, वर हातमोजे. अजून काय झाकायचं ते तुम्ही सांगा.” अब्बा हसले. त्यांना असं हसताना मी फार क्वचित पाहिलंय. दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी त्या कडक वाळूच्या मैदानावर होते आणि आठवड्याभरात दोन्ही कोपरं सोलवटून निघाली होती.

मुलाच्या पहिल्या तीन वर्षांबद्दल माझी तक्रार नव्हती. त्याच्यापुढे सीनियर गोलकीपर होता, तो पास होऊन गेला की नंबर आपला, असं आम्ही घरात धरूनच चाललो होतो. गेल्या ऑगस्टमध्ये सीझन सुरू झाला आणि कोचने अठरा वर्षांचा एक नवीन मुलगा आणला. फर्स्ट इयरचा, दारातून वाकून आत यावं लागेल इतका उंच. पहिल्या मॅचला तोच उभा राहिला, दुसऱ्यालाही. मी मुलाला फोन केला आणि मनात होतं ते सगळं बोलून टाकलं. म्हटलं, सोड ती टीम, डिग्रीकडे बघ, तुझी किंमत नाही तिथे कोणाला. मी मराठीत बोलत राहते, तो इंग्लिशमध्ये उत्तर देतो, आमच्याकडे हे असंच चालतं. तो शांतपणे म्हणाला की त्या मुलाला रोज प्रॅक्टिस द्यायला कोणीतरी हवं, आणि मी ते चांगलं करतो. मला ते हरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं.

असंच काहीसं माझ्यावर आलं होतं, सर. आंतरशालेय फायनलच्या दिवशी तुम्ही मला बाहेर बसवून दहावीतल्या त्या मलयाळी मुलीला गोलात उभं केलंत. कारण विचारलं तर सरळ सांगितलंत, ती तुझ्यापेक्षा चांगली आहे. मी मैदानाकडे पाठ करून बसले. पाण्याच्या बाटल्या न्यायला सांगितलंत, तर मी एक बाटली वाळूत आपटली. तुम्ही आलात, बाटली उचलली, स्वतःच्या रुमालाने पुसलीत. आवाज जराही चढवला नाही. “रुसायचं असेल तर मॅच संपल्यावर रूस. आत्ता तिच्या मागं उभी राहा आणि डाव्या बाजूनं कोण येतंय ते तिला सांग. तिला तिथनं दिसत नाही.” मी गेले. रडत रडतच ओरडत होते, डावीकडे, डावीकडे. आपण जिंकलो. परतीच्या बसमध्ये तुम्ही माझ्या शेजारी बसलात आणि खिडकीबाहेर बघत सांगितलंत की कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल टीममध्ये तुम्ही सात वर्षं राखीव गोलकीपर होता. पुढचा गोलकीपर तुमचा जिवलग मित्र. त्याचे बूटही तुम्हीच पुसायचा. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? म्हणालात, “पहिली दोन वर्षं लई वाटलं.”

मुलाशी त्या फोनवर बोलल्यानंतर मी त्याच्या मॅचेस बघायला लागले. त्या तिकडच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे पहाटेच्या आधी. फजरची नमाज झाली की डबा करता करता मी रेकॉर्डिंग लावायचे. तिकडे घड्याळ उलटं चालतं, पंचेचाळीस मिनिटांपासून खाली शून्यापर्यंत. कॅमेरा बॉलच्या मागे, आणि मी चपात्या लाटता लाटता स्क्रीनच्या कडेला बाक शोधत असायचे. तो कधी बसलेला दिसला नाही. उभा असायचा, हातवारे करत, हाफ टाइमला त्या उंच मुलाच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी सांगत. ऑक्टोबरमध्ये एकदा टीम चार गोलांनी पुढे होती तेव्हा शेवटची अकरा मिनिटं त्याला उतरवलं. बॉल त्याच्याकडे दोनदाच आला. मी ते रेकॉर्डिंग किती वेळा पाहिलं ते सांगत नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सीनियर डे. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचला पास होणाऱ्या मुलांचा सत्कार करतात, आईबापांना मैदानात बोलावतात. नवऱ्याला रजा मिळाली नाही, मी एकटी गेले. सकाळी मोटेलमध्ये नाश्ता करताना मुलगा म्हणाला, “कोच वॉन्टेड टु स्टार्ट मी टुडे. आय सेड नो.” मी हातातला कप खाली ठेवला. का, म्हणून विचारलं, तेव्हा तो पहिल्यांदा मराठीत बोलला, अडखळत. “तो माझ्यापेक्षा चांगला आहे, मम्मा. आणि आज हरलो तर सीझन संपला.”

सर, मी त्याला तुमच्याबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं.

थंडी अशी की दोन शाली अंगावर घेऊनही दात वाजत होते. अनाउन्सरने आमचं आडनाव पार मोडून टाकलं. मुलाने माझ्या हातात फुलं दिली, माझा हात धरून मला मैदानाच्या मध्यापर्यंत नेलं आणि स्वतः बाकाकडे परत गेला. एक-एक बरोबरी. हरायचं नव्हतं, बरोबरी पुरे होती. घड्याळात सहा मिनिटं उरलेली असताना समोरच्यांना पेनल्टी मिळाली. गोलातल्या उंच मुलाने बाकाकडे पाहिलं. माझ्या मुलाने स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्याकडे एक वही होती, त्यात समोरच्या टीममधला कोण कुठे मारतो ते त्याने महिनाभर रेकॉर्डिंग बघून लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं. उंच मुलगा डावीकडे झेपावला आणि त्याने बॉल बाहेर काढला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा सगळी टीम त्याच्याकडे धावली. तो मात्र त्यांच्यातून वाट काढत बाकाकडे धावत आला आणि माझ्या मुलाला त्याने उचललंच. शेजारची एक अमेरिकन बाई मला म्हणाली, तुमचा मुलगा खेळला नाही का आज? मी म्हटलं, खेळला.

पुढच्या टूर्नामेंटमध्ये ते पहिल्याच फेरीत हरले. मुलाने ग्लव्ह्ज त्या उंच मुलाला देऊन टाकले. आता तो नोकरी शोधतोय, इन्शाल्ला मिळेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिता येते. सप्टेंबरमध्ये त्या कोचला मी मेल केला होता. चांगला लांबलचक. माझ्या मुलाने तीन वर्षं वाट पाहिलीय, एक तरी मॅच द्या, म्हणून. दोन ओळींचं उत्तर आलं, लिहिल्याबद्दल आभार मानणारं. सीनियर डेला त्याला खेळवायचं कोचच्या मनात आपणहून आलं होतं की माझ्या मेलमुळे, मला माहीत नाही. मी कोचला विचारलं नाही, आणि मुलाला अजून सांगितलेलं नाही.