समोरच्या दुकानाचा हेवा

मी, खाली सही करणारा, धंदा लाकडात माणसांचे चेहरे कोरण्याचा, राहणार कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. उजवा हात थरथरतो, पण हात म्हणजे डोके नव्हे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मनात हेवा आहे. वकीलबाई म्हणाल्या, असल्या कागदात हेवा कशाला लिहायचा? परंतु तो वगळला तर पुढच्या कलमांचा अर्थ कोणालाच लागणार नाही, म्हणून तो राहील. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे.

कलम १. घर. खालचा कारखाना, वरच्या दोन खोल्या, जिना आणि मागची पत्र्याची शेड माझ्या पश्चात माझ्या मुलाची. तो फ्रिज दुरुस्त करतो. उभ्या जन्मात त्याने एकदाच पटाशी हातात धरली, ती रंगाचा डबा उघडायला. त्याचा मला कधी हेवा वाटला नाही, त्यामुळे आमचे छान जमते.

कारखान्याची रस्त्याकडची खिडकी त्याला बुजवायची असेल तर खुशाल बुजवावी. मी एकदा त्यासाठी गवंडी बोलावला होता. विटाही उतरवून घेतल्या होत्या. माझ्या बायकोने गवंड्याला चहा पाजून वाटेला लावले.

"अहो, मग उजेड कुठून येणार?"

"मला उजेड नको."

"तुम्हाला समोरचं बघायचं नाही, तर बघू नका. खिडकीनं काय घोडं मारलंय?"

खिडकीने काही केले नव्हते. खिडकीतून समोरचे दुकान दिसते, आणि ते दुकान माझ्या मुलीचे आहे. विटा अजून शेडमध्ये आहेत. त्याही मुलाच्या.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते सुनेचे. कारण असे की या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी तिने एकटीने माझ्यासमोर माझ्या मुलीच्या हाताची तारीफ कधी केली नाही. तिला त्यातले काही कळत नाही म्हणून असेल. कारण काहीही असो, मला बरे वाटले.

कलम ३. वाळलेले आणि वाळत घातलेले सगळे लाकूड शेजारच्या सुताराला द्यावे. त्याने त्याची खुर्च्या-टेबले करावीत. माझ्या लाकडाला यापुढे तोंड फुटू नये अशी माझी इच्छा आहे. सुताराने ते मुलीला विकू नये. विकलेच, तर निदान मला कळणार नाही.

कलम ४. माझी मोठी काळी छत्री शाळेच्या शिपायाला द्यावी. लोक समजतात की माझा त्याच्यावर राग आहे. तसे नाही.

शाळेने आपल्या मयत मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा माझ्याकडे करायला टाकला होता. अक्रोडाचे लाकूड होते, हाताशी दोन फोटो, एक समोरून आणि एक बाजूने. कर्कटकाने मापे घेत मी कपाळ, नाक, हनुवटी, चष्म्याने नाकावर पाडलेले वण, सगळे उतरवले. डोळ्यांचे तेवढे गोळे ठेवले होते. डोळा असाच करतात. आधी गुळगुळीत गोळा. मग त्यावर पापण्या, वरची खालचीपेक्षा जराशी पुढे. शेवटी बुबुळात खड्डा पाडायचा आणि त्याच्या वरच्या अंगाला कणभर लाकूड राखायचे. उजेड त्या कणावर अडकतो आणि डोळा ओला दिसतो. ते करायच्या ऐन वेळी मी टायफॉइडने आडवा झालो. मुलगी तेव्हा कॉलेज सोडून माझ्याकडे घासकाम करत होती.

ती उशाशी येऊन म्हणाली, "बाबा, डोळे मी करू?"

"कर. बिघडले तर दुसरं लाकूड घेऊ." तापात माणूस उदार होतो.

शाळेची मंडळी चेहरा न्यायला आली तेव्हा मी भिंत धरत धरत जिना उतरलो. कापड काढले. इतक्यात शिपाई सिगारेट ओढत दारातून आत आला, त्याची नजर त्या चेहऱ्यावर गेली आणि त्याने हात झटकन पाठीमागे लपवला. मग स्वतःच ओशाळून हसला. म्हणाला, "बाईंची सवय."

इतकी वर्षे मी चेहरे करत आलो होतो. माझ्या एकाही चेहऱ्यापुढे कोणी सिगारेट लपवली नव्हती.

मंडळी माझा हात हातात घेऊन वाहवा करू लागली. मी तिथल्या तिथे सांगितले, "डोळे मुलीचे आहेत." खरे बोलायची मला खोड आहे, आणि त्या दिवशी ती मला फार महागात पडली.

कलम ५. दारावरची 'येथे लाकडात चेहरे करून मिळतील' ही पाटी मी गेलो त्याच दिवशी उतरवावी. त्यामागचे कारण लिहितो.

शाळेच्या त्या चेहऱ्यानंतर गिऱ्हाईक यायचे आणि म्हणायचे, "चेहरा तुम्हीच करा, डोळे तेवढे मुलीला करू द्या." म्हणजे मी स्वयंपाक रांधायचा आणि मीठ तिने घालायचे. लोक जेवून मिठाची तारीफ करणार. मी तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहत असे. पटाशी माझीच, धार माझीच, बसायचा पाटही माझा. शेवटी राहवेना म्हणून विचारले.

"काय करतेस गं नेमकं?"

"लाकडाला हात लावायच्या आधी तो माणूस काय बघतोय ते ठरवते. मग दोन्ही डोळे सारखे येत नाहीत, बाबा. येऊ द्यायचेच नाहीत."

मीही ठरवून पाहिले. एका मयत वाण्याचे काम होते. तो दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो आहे असे ठरवले. लाकडाने माझे ऐकले नाही. वाणी छताकडे बघत राहिला, पाल शोधत असल्यासारखा.

मग एक बाई आपल्या नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. माझ्यादेखत मुलीला म्हणाल्या, "सगळा चेहराच तुम्ही केलात तर?" मुलगी गप्प राहिली. तिचे ते गप्प राहणे मला झोंबले. ती नाही म्हणाली असती तर ती दया वाटली असती, आणि ती अधिक झोंबली असती. बाई गेल्यावर मी म्हणालो, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

"तलवारी कुठल्या, बाबा? आपण लाकूड तासतो."

"तू तासतेस. मी नुसता भुसा पाडतो."

"असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं?"

समोरचे बुटांचे दुकान रिकामे झाले होते. ते तिने घेतले. दुसऱ्या गल्लीत घेतले असते तर चालले नसते का, असे मी बायकोला विचारले. ती म्हणाली, "तिला तुम्ही दिसायला हवेत."

तेव्हापासून माझ्या दारात लोक यायचे, पाटी वाचायचे आणि विचारायचे, "डोळेवाली इथंच बसते ना?" मी म्हणायचो, "समोर." दिवसभर 'समोर, समोर' म्हणून घसा बसायचा. माझ्यामागे ही पाटी राहिली तर लोक माझ्या मुलालाही तेच विचारतील. म्हणून उतरवावी.

बायको दुपारी माझे ताट वाढून ठेवायची आणि दुसरा डबा घेऊन रस्ता ओलांडायची. तिथे तासन्‌तास बसायची. दोघींच्या हसण्याचा आवाज इथपर्यंत यायचा. काय विनोद चालला होता ते मला कोणी कधी सांगितले नाही.

कलम ६. बायकोचा चेहरा. हे कलम लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

ती आजारी पडली आणि दुखणे बरे होणारे नाही असे ठरले, तेव्हा मी अक्रोडाचा एक ओंडका जपून ठेवला होता तो बाहेर काढला. ती म्हणाली, "मी लेकीला सांगितलंय."

"माझ्या घरात, माझ्या बायकोचा चेहरा, आणि समोरून करून आणायचा?"

"अहो, तुम्हीही करा की. मी कुठं नाही म्हणतेय? सकाळी तिच्याकडे बसेन, दुपारी तुमच्याकडे. एवढं बसायला मला तरी दुसरं काय काम उरलंय?"

तशी ती बसली. शेवटी शेवटी मुलगी तिला खुर्चीसकट उचलून नेत असे, सुतार मागून धरत असे. मी इतके जीव ओतून काम आयुष्यात केले नाही. दोन्ही चेहरे पुरे झाले तेव्हा तिने ते आपल्या पलंगासमोर शेजारी शेजारी मांडायला लावले. माझा हुबेहूब होता. सूनसुद्धा दचकली. मग मी दुसऱ्याकडे पाहिले.

माझी बायको मी काही मूर्खासारखे बोललो की लगेच उत्तर देत नसे. आधी डावा डोळा किंचित बारीक करायची, उजव्यात हसू यायचे, आणि मग शब्द. ती नजर ती दुसऱ्या कोणाकडे टाकत नसे. जगात ती माझ्या एकट्याच्या वाट्याची होती, आणि मुलीने ती कडेला उभे राहून टिपली होती. जी रोज माझ्या अंगावर पडत होती, ती मला लाकडात आणता आली नाही. जिच्यावर कधी पडली नाही, तिने आणली.

बायको म्हणाली, "हा तुमच्याकडे राहू द्या. तुमचा तिच्याकडे जाईल."

"आणि माझ्याकडे माझा का नको?"

"तुम्ही त्याच्यात चुका शोधत बसाल. जेवणार नाही."

ती गेली त्याला आता बराच काळ लोटला. मुलीने केलेला चेहरा माझ्या जेवणाच्या जागेसमोर फळीवर आहे. मी रोज त्याच्यासमोर जेवतो आणि रोज माझा जळफळाट होतो. म्हणून आधीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की सदर चेहरा माझ्या देहाबरोबर नष्ट करावा. ती नजर माझी, ती माझ्याबरोबर जावी. दुसऱ्या कोणी ती बघू नये, आणि कारागिराची वाहवा तर मुळीच होऊ नये.

वकीलबाईंना ते पटेना. त्यांनी मला न विचारता मुलीला बोलावले. ती हात पुसत आली, कागद वाचला, आणि म्हणाली, "जाळू द्या. आईनं तो बाबांना दिलाय, त्यांचा आहे."

"तुझं सगळ्यात चांगलं काम आहे ते," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून निघाले याची नोंद व्हावी.

"असेल. पण तुम्ही केलेला आहे ना माझ्याकडे, तो मागू नका. तो मी मेले तरी देणार नाही."

"त्याचे डोळे तर काचेच्या गोट्यांसारखे आहेत."

"डोळे कोण बघतंय? त्याचा कान बघा. पाळीला आईच्या कुड्यांनी ओढलेलं भोक, मागची ती घडी. मी आजवर कितीतरी कान केले, सगळे चिकटवल्यासारखे दिसतात. म्हणून तर मी बायकांचे केस पुढे घेते. गिऱ्हाइकाला वाटतं, काय नजाकत आहे! बाबा, तुमच्या त्या एका कानाचा मला इतका हेवा वाटतो की कधीकधी मी त्याच्यावर फडकं टाकून ठेवते."

मी वकीलबाईंना ते वाक्य पुन्हा वाचून दाखवायला सांगितले. त्या म्हणाल्या, ते मी लिहून घेतलेले नाही. मग आता इथे लिहिले आहे.

सबब, सदर चेहरा नष्ट करू नये. तो सुनेने फळीवर आहे तिथेच ठेवावा. मुलगी बघायला आली तर दार उघडावे. कोणी परका येऊन डोळ्यांची स्तुती करू लागला तर चहा न देता वाटेला लावावा.

कलम ७. हत्यारे. पटाश्या, मोगऱ्या, कानशी, धारेचे दगड आणि कर्कटके सुताराला. यातून एक हत्यार वेगळे काढतो. कानाच्या आतल्या वळणासाठी मी लोहाराकडून जुनी कानस तापवून, वाकवून एक बारीक कोरणी करवून घेतली होती. तशी दुसरी नाही. मुलीने ती त्याच दिवशी सरळ सरळ मागितली.

मी म्हणालो, "बघू." आणि वकीलबाईंना विचारले की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येते का. त्या म्हणाल्या, नाही, तसे देऊ नये. तेव्हा मी मुलीला दुसरी साक्षीदार म्हणून सही करायला सांगितले.

ती काय समजायचे ते समजली. वकीलबाई तिला म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणू शकता. मी दुसरं कोणी बघते."

"नको, मी करते सही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मेल्यावर देऊ नका. जिवंतपणी शिकवा. उद्या दुपारी लाकूड घेऊन येते."

दुपारचा उजेड त्या खिडकीतून चांगला येतो. मी हो म्हटले आहे. कोरणी तूर्त माझ्याकडेच राहील, आणि तिला मी सगळेच शिकवणार नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, माझ्या हाताने सही करत आहे. सही वाकडी आली असली तरी ती माझीच.

स्थळ : कारखाना, खालचा मजला, खिडकीजवळ
दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच

लिहून देणार : (सही) चेहरे कोरणारा

साक्षीदार :
१. (सही) वकीलबाई. सुताराला वाटा आहे, म्हणून साक्षीला मी. त्यानेही मजकूर ऐकला. मुलीला लाकूड विकण्याबद्दल त्याने काही कबूल केलेले नाही.
२. (सही) मुलगी, समोरचे दुकान. मजकूर वाचला. शिकवायला सुरुवात झाली आहे. पहिला कान बाबांनी मोडून टाकायला लावला.