निळ्यांच्या मडक्यातला हिरवा

५ फेब्रुवारी २०२५

साडू भगवंता आला अकोल्याहून — एसटीने, मांडीवर जेवणाचा डबा धरून. मला वाटलं पौर्णिमाने बहिणीसाठी काही पाठवलं. उघडला तर कापूस, आणि कापसात तीन अंडी! त्याच्या शेजारी बोअर मारत आहेत. त्या घरघरीने मादी मडक्यातून उठली ती परत बसलीच नाही.

"मुखियाची हायेत भाऊ. तुमची निळी बसली हाय ना? तिच्याखाली सारून द्या."

मुखिया म्हणजे त्याचा हिरवा नर. डोकं असं रुंद की समोरून डोळे शोधावे लागतात. अख्ख्या वऱ्हाडात तसा बजी पोपट नाही. हे मी इथे लिहितो, साडूसमोर बोलत नाही.

माझ्या निळीची स्वतःची पाच अंडी होती. भगवंताच्या तिन्हींवर पेन्सिलने फुली मारली. फुलीवाली त्याची, कोरी माझी. रुख्मिणीने पाटोड्यांचा रस्सा केला. साडू चार वेळा वाढून घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत.

९ फेब्रुवारी

बजी पाळणाऱ्यांच्या मंडळाची बैठक. नवीन पोरांपुढे माझं भाषण — ऑस्ट्रेलियात हे प्रदर्शनाचं खूळ कसं वाढलं. आधी गावोगावचे क्लब, मग राज्याराज्यांचे, मग राज्य विरुद्ध राज्य असा सामना. सगळ्यांचे पिंजरे एकसारखे, पिंजऱ्यावर नाव नाही, फक्त नंबर. परीक्षकाला मालक कळता कामा नये. मुळात पक्षी त्यांच्याच रानातला, तरी मोठ्या डोक्याची जात त्यांना इंग्लंडहून आणावी लागली! पोरं हसली.

आपला अमरावती विरुद्ध अकोला सामना त्याच धर्तीवर मी आखला. नियम मी लिहिले. पहिला नियम — दाखवायचा पक्षी स्वतःच्या घरी, स्वतःच्या जोडीला झालेला. विकत आणून टेबलावर ठेवायचा नाही. भगवंता म्हणतो, "भाऊ, तुमी नियमाचे देवच हा!" मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू.

२० फेब्रुवारी

रिद्धपूरला मामेभावाकडे लग्न होतं, आज परतलो. मडक्यात डोकावलो. पाच उघडी-नागडी पिल्लं! तीन अंडी गार, विष्ठेने माखलेली. काढून फेकली. पाच माझी, तीन त्याची — जुळलंच की. भगवंताला फोन केला, तिन्ही पोकळ निघाली.

"जाऊ द्या भाऊ. जीव तयार होऊन मेला असता तं जास्त लागलं असतं."

२४ फेब्रुवारी

कड्या घातल्या. पुढची बोटं एकत्र धरून, मागची पायाला लावून, कडी वर सरकवायची. हे पहिल्या आठवड्यातच जमतं. पाय वाढला की कडी जातही नाही आणि निघतही नाही. पाचही पिल्लांच्या पायात माझी कडी, माझा नंबर.

६ मार्च

पंखांच्या काड्या फुटल्या. चार निळी. एक हिरवं!

निळ्याला निळा लावला तर हिरवं होत नाही. कधीच होत नाही. हा धडा मीच दरवर्षी मंडळात नवख्यांना पहिल्या दिवशी देतो. म्हणजे ते पिल्लू माझं नाही. मुखियाचं आहे. मी फेकलेल्या तीन अंड्यांपैकी एक माझं कोरं होतं, आणि मी फुली न बघता फेकलं. घाण लागली म्हणून पुसायचा कंटाळा केला!

आता भगवंताला सांगायचं काय — की तुझं पिल्लू जगलं, पण मी त्याला माझी कडी घातली? हसेल. मंडळभर सांगेल. नियमांचे देव!

उद्या सांगतो.

७ मार्च

नाही सांगितलं.

१० मार्च

रुख्मिणीने मडक्यात पाहिलं. तिला रंगांचं काही कळत नाही असं मी धरून चाललो होतो. इतकी वर्षं माझी भाषणं ऐकून तिला माझ्याइतकंच कळतं.

"हे हिरवं कोठचं?"

सांगितलं.

"मंग फोन लावा ना."

म्हटलं, होळीला येणारच आहेत ते, समोरच सांगीन.

१४ मार्च, धुळवड

आले दोघं. आणि मी काय केलं? सकाळीच हिरवं पिल्लू मडक्यातून काढलं, कोठीत नेलं, गव्हाच्या पोत्यांमागे टोपलीखाली ठेवलं. भगवंता गच्चीवर जाणार, मडक्यात बघणार, हे मला माहीत होतं. तो गेला, चार निळी पाहिली, "मस्त हायेत भाऊ" म्हणाला.

मग रंग धुतल्यावर टॉवेल हवा झाला. मी उठायच्या आत तो स्वतःच कोठीत गेला! माझा जीव टांगणीला. बाहेर आला तो डोकं पुसत, काहीतरी गुणगुणत. पिल्लू गप्प राहिलं, वाचलो.

रुख्मिणी पुरणपोळी वाढताना माझ्याकडे बघत नव्हती. ते गेल्यावर म्हणाली, "मी नाई सांगनार पौर्णिमेले. तुमचं तोंड हाय, तुमीच सांगा." मला त्या क्षणी तिचा राग आला. स्वतःचा यायला हवा होता.

२ एप्रिल

हिरव्याने मडकं सोडलं. काय पक्षी आहे! बसतो तो ताठ, मान अशी भरलेली. शेजारच्या माणिकबाई म्हणाल्या, "हा लवबर्ड लय देखना हाय." एरवी मी लवबर्ड म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे सुधारतो. आज नाही सुधारलं. मी कोणाला काय शिकवणार!

२६ एप्रिल

अकोल्याहून पौर्णिमाचा फोन. दुपारी लाइट गेली, कूलर बंद, ते दोघं शेतात. परत आले तर गच्चीवरच्या खोलीत एकही जिवंत नाही. मुखिया गेला. सगळे गेले.

२७ एप्रिल

अकोल्याला जाऊन आलो. ऊन असं की बसच्या खिडकीची दांडी धरवत नव्हती.

भगवंता बाजेवर बसून होता. दाढी वाढलेली. माणूस गेल्यावर बसतात तसं आम्ही बसलो. मी म्हणालो, देवाची मर्जी. हे शब्द मी बोललो! मुखियाचं पोर माझ्या घरी कांगणीचे दाणे फोडत बसलेलं, आणि मी त्याच्या बापाच्या मरणाचं सांत्वन करत होतो.

भगवंता म्हणाला, "तुमच्याइकडं सगळे खुशाल हायेत ना भाऊ? सगळे?"

"सगळे," मी म्हणालो.

"मंग झालं."

तेव्हा सांगायचं होतं. जीभ उचललीही होती. पण मग तो विचारणार, आधी का नाही सांगितलं. पौर्णिमाने चहा आणला, मी बशीत ओतून प्यायलो.

निघताना गच्चीवर गेलो. पिंजरे धुऊन उलटे घातलेले. एकच सरळ होता. रिकामा, पण वाटीत पाणी भरलेलं. सवय! हात जातच असेल बिचाऱ्याचा.

११ ऑगस्ट

अकोल्याच्या लोकांनी भगवंताला यंदाही संघाचा कप्तान केलं. त्याच्याकडे स्वतःचा एक पक्षी नाही. म्हणतो, "दुसऱ्याइचे पिंजरे त धुता येते मले."

माझ्या हिरव्याची पहिली पिसं झडून आता पक्की आली आहेत. मंडळातल्या श्यामने पाहिला आणि खालीच बसला. "गजूभाऊ, यंदा अकोल्याचा निकाल लागला. कोनत्या जोडीचा?"

मी म्हणालो, हिरव्या जोडीचा.

जन्मात माझ्याकडे हिरवी जोडी नव्हती. श्यामने विचारलं, कुठे आहे? तर मी म्हणालो — उन्हाळ्यात मेली! भगवंताचं दुःख उचलून माझ्या खोट्याला पांघरूण घातलं. लिहितानाही हाताला घाण लागल्यासारखं वाटतं.

१२ डिसेंबर

सामन्यासाठी हिरव्याची तयारी. गळ्याखाली सहाच ठिपके हवेत. जास्तीचे रुख्मिणीच्या चिमट्याने उपटायला बसलो. तिने चिमटा दिला आणि म्हणाली, "पाखराले नटवून राहिले की चोरीले नटवून राहिले?"

म्हटलं, अमरावतीच्या संघाची गोष्ट आहे.

"हो बाप्पा. संघाचीच."

१४ डिसेंबर, रविवार

लिहायला हवं. नाही लिहिलं तर उद्यापासून मीच वेगळं आठवायला लागेन.

अकोल्यात, मंगल कार्यालयात. सगळे पिंजरे एकसारखे, फक्त नंबर. परीक्षक हैदराबादचे. हिरव्यासमोर आले, काडीने दांडी हलवली. हिरवा ताठ. ते गेले, परत आले, मग हसले. पहिला! त्याच्याच गुणांवर अमरावती जिंकली. पोरांनी मला उचललं.

मग अकोल्याच्या संघातला धम्मदीप उभा राहिला. शांतपणे म्हणाला, "काका, राग नका येऊ देऊ. तुमच्या गच्चीवर मी दोन वर्षांत दहादा आलो. हिरवी जोडी कवाच पायली नाई. नियम तुमचाच हाय, म्हनून इचारतो."

"उन्हाळ्यात मेली," मी म्हणालो.

"मेली ते ठीक. होती हे कोनी पायलं?"

श्याम जमिनीकडे बघत होता. तेवढ्यात मागून आवाज आला —

"मी पायली."

भगवंता. हातात ओलं फडकं, पिंजरे पुसता पुसता आलेला.

"होळीले गेलो होतो तवा मी सोता पायली. भाऊ हायेत ते. नियमाचा मानूस हाय. बस खाली, धम्मदीप."

पोरगा बसला. टाळ्या झाल्या. भगवंता हिरव्याच्या पिंजऱ्यापाशी आला, वाकला, खूप वेळ बघत राहिला. जाळीतून बोट घातलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "चांगला सांभायला, भाऊ."

ट्रॉफी मांडीवर धरून अमरावतीला आलो. फेब्रुवारीत त्याने डबा धरला होता तशी.

१५ डिसेंबर

हिरवी जोडी कधी नव्हतीच. मग भगवंताने काय पाहिलं?

१६ डिसेंबर

माझ्या फुलांच्या दुकानात बसवलं नाही. गिऱ्हाइकाने झेंडूचा हार मागितला, मी शेवंतीचा दिला.

त्याला माहीत आहे. दुसरा अर्थच निघत नाही. भरल्या हॉलमध्ये, स्वतःच्या संघाविरुद्ध, त्याच्यासारखा माणूस खोटं बोलला. आणि माझ्यासाठी! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धम्मदीपने गचांडी धरली असती तरी बरं झालं असतं. आता हे कुठे ठेवू?

रुख्मिणीला विचारलं, तू सांगितलंस का पौर्णिमाला? तिने देवाची शपथ घेतली. ती शपथ घेत नाही सहसा.

१९ डिसेंबर

मंडळाच्या सगळ्यांना बोलावून सांगितलं. फुली, फेकलेली अंडी, कडी, टोपली, सगळं. ट्रॉफी टेबलावर ठेवली, अकोल्याला द्या म्हटलं. धम्मदीपलाही फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं काका." एवढंच. श्याम म्हणाला, "आमाले नियम शिकवत होते ना तुमी?" चहा तसाच राहिला.

सगळ्यांत सोपं ते आधी केलं. भगवंता अजून बाकीच आहे. रविवारी हिरव्याला घेऊन जातो.

२१ डिसेंबर, रविवार

अकोल्याला गेलो. भगवंता भाजी घेऊन बाजारात गेला होता. पौर्णिमा म्हणाली, वर चला भाऊजी, पाखरू उन्हातून आलं. गच्चीवर तोच एक पिंजरा सरळ. धुतलेला, ताजी कांगणी, वाटीत पाणी.

"हा कोणासाठी?" मी विचारलं.

"काय मालूम," ती म्हणाली. "होळीहून आले तवाच हा रिकामा करून ठेवला त्याइनं. पाखरं मेले तरी हा नाई काढू देल्ला. रोज पानी बदलते. मी म्हनलं, कोन येनार हाय? तं म्हनते, भाऊ घेऊन येतीन."

धुळवडीला टॉवेल घ्यायला तो कोठीत गेला होता. मी पिंजऱ्याचं दार उघडलं. हिरवा आत गेला आणि आधी पाणी प्यायला.