घोड्याच्या लशीची थट्टा आणि एक निकाली अर्ज

प्रति,
मा. जिल्हा वैद्यकीय अधिकारी,
जिल्हा आरोग्य कचेरी, ग्रुनाउबाख

दि. ९ फेब्रुवारी १९०२

विषय: घटसर्पावरील लशीची जाहीर थट्टा केल्याबद्दल अर्जदारास शिक्षा मिळणेबाबत.

संदर्भ: पहिल्या अर्जास आपल्या कचेरीचे उत्तर: "थट्टा हा गुन्हा नाही. अर्ज निकाली."

महोदय,

निकाली निघालेला अर्ज पुन्हा करीत आहे, याची क्षमा असावी. मी एर्लेनग्रुंड गावी सफरचंदाच्या वाइनचा गुत्ता चालवितो.

गेल्या नोव्हेंबरात गावात घटसर्प शिरला, तेव्हा आपले तरुण डॉक्टर लस घेऊन आले. ती घोड्याच्या रक्तापासून करतात, घसा धरल्यावरही वेळीच टोचली तर पोर वाचते आणि फ्रांकफुर्टचे एक थोर संशोधक तिची ताकद पारखतात, मगच बाटलीवर मोहोर बसते, असे त्यांनी माझ्याच गुत्त्यात उभे राहून समजाविले. त्यावर मी पिंपाआडून ओरडलो, "टोचून घ्या रे! पोरं उद्या चंदी मागतील आणि चर्चमध्ये खिंकाळतील!" सारा गुत्ता हसून लोळला. डॉक्टर लालबुंद होऊन निघून गेले.

लिना श्टाउबाख ही विधवा धोबीण तेव्हा तेथेच होती. पुढे तिच्या मुलाचा, हाइनरचा, घसा धरला. तिने डॉक्टरांना बोलाविले नाही. मध चाटविला, मानेला उकडलेल्या बटाट्याचे पोटीस बांधले. डॉक्टर आपणहून आले, तोवर उशीर झाला होता. पोर गेले. त्यानंतर आठवड्याभरात माझी लेक ग्रेटे तशीच तापली. मी घोडा दामटून डॉक्टरांना आणले व लस टोचविली. ग्रेटे वाचली. हल्ली ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारते. लिनाची खिडकी त्याच अंगणावर उघडते.

माझे चुकले, लस खरी आहे, असे मी गुत्त्यात सर्वांसमक्ष सांगितले. लोक म्हणाले, "मग ग्रेटे खिंकाळते का रे?" जितके कळवळून सांगावे, तितके ते अधिक हसतात. वरच्या आळीत पुन्हा घसे धरले आहेत आणि डॉक्टर दिसताच आया दारे लावून घेतात.

सबब अर्जदारास तुरुंगात टाकावे. तसे कलम नसल्यास गुत्ता बंद करावा. परवाना सोबत जोडला आहेच. तेही नियमात बसत नसल्यास रविवारी चर्चसमोर पोलिसाकरवी माझी करणी मोठ्याने वाचून दाखवावी. गणवेशातल्या माणसाला आमचे गाव हसत नाही.

लोकहितास्तव शिक्षा मागतो, असे मी पहिल्या अर्जात लिहिले होते. ते पुरते खरे नव्हते. परवा मी लिनाकडे माफी मागावयास गेलो. ती कपडे पिळत होती. मान वर न करताच म्हणाली, "तुझं काय घेऊन बसलास, आन्सेल्म? त्या दिवशी मीसुद्धा हसले होते." एवढे बोलून तिने पिळलेलेच कापड पुन्हा पाण्यात घातले.

महोदय, सरकारने मला गुन्हेगार ठरविले, तर त्या बाईला स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाला तरी दोष देता येईल. तेवढ्यासाठी एखादे कलम शोधावे, ही हात जोडून विनंती.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
आन्सेल्म डीट्झ
गुत्तेदार, एर्लेनग्रुंड