छोटा आकडा

क्नीशिन,
४ नोव्हेंबर

प्रिय सेवेरिन,

अनेक आशीर्वाद. तू आणि इव्होना खुशाल असाल असं धरून चालते. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. लुत्सियानचा गुडघा दुखतो, पण तुझे दाजी डॉक्टरकडे जाणाऱ्यातले नाहीत. यंदा बटाटा बरा निघाला. कोबी आंबवायला टाकला, दोन पिंपं. खाणारे दोघंच, पण आईच्या मापाने टाकायची सवय मोडत नाही.

एक तारखेला, गेलेल्यांसाठी दिवे लावायच्या सणाला, सगळे आईच्या कबरीवर गेलो होतो. दगड सप्टेंबरातच बसवला, अक्षरं नीट आली आहेत. पांढऱ्या शेवंतीची कुंडी ठेवली. तुझ्या नावाचा दिवा मीच लावला, लाल काचेचा.

नऊ महिन्यांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही नाहीस, आणि तू का लिहावंस? आईला मातीत ठेवून आल्यावर, भरल्या टेबलावर, सूप वाढता वाढता मी म्हणाले होते, “सेवेरिनच्या नळ्यांनी आईला गारठवून मारलं.” तू चमचा खाली ठेवलास, कोट घेतलास आणि गेलास. मी सूप वाढत राहिले.

ऑगस्टमध्ये इव्होनाचं पत्र आलं. तू फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घालायचं काम सोडलंस, मासळीच्या गोदामात पेट्या उचलतोस, असं तिने लिहिलं होतं. “विचारलं की म्हणतो, मी घातलेल्या नळ्यांनी आई गेली. पुढे बोलत नाही.” ते वाचून मी कागदाची घडी केली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवली. वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. फेब्रुवारीपासून मला कशाचंच फारसं वाटत नाही. कामं होतात, दिवस जातो.

आता हीटिंगचं लिहिते.

तू बांधून दिलेल्या वाढीव भागाचं दार मी आई गेल्यावर लावून घेतलं होतं. ऑक्टोबरात बॉयलर सुरू केला तेव्हा लुत्सियान म्हणाला, “तिथे कोणी राहत नाही, आईंची खोली बंद करून टाक.” मी जाऊन त्या खोलीच्या थर्मोस्टॅटचं कुलूप काढलं आणि आकडा पाचवर आणला. कुलूप मीच लावलं होतं. ते कशासाठी, ते पुढे येईल.

चार दिवसांनी मांजर सापडेना. तुझा बुरासेक. गेल्या हिवाळ्यात तो सारा वेळ नव्या पॅसेजमध्ये फरशीवर पसरलेला असायचा, म्हणून तिकडे गेले. पॅसेज गार होता. आईच्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि बुरासेक तिच्या पलंगाखाली फरशीवर आडवा झाला होता. आत गरम हवा अंगावर आली. मी चपला काढल्या. फरशी इतकी ऊबदार होती की मी तशीच उभी राहिले. भिंतीवरच्या डबीत मोठा आकडा पाच होता, आणि खाली कोपऱ्यात छोटा आकडा, सत्तावीस.

त्या खोलीत आई महिनाभर दोन-दोन लोकरी मोजे घालून बसली होती, सेवेरिन.

मग मी पॅसेजमधली पत्र्याची पेटी उघडली, जिथून तुझ्या तीन नळ्या फुटतात. दाराच्या आतल्या बाजूला तुझ्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं आहे: १ आई, २ न्हाणी, ३ पॅसेज. नळ्यांवरही तेच आकडे. आणि नळ्यांच्या तोंडावर त्या पांढऱ्या टोप्या, ज्या थर्मोस्टॅटच्या सांगण्यावरून पाणी सोडतात नि अडवतात, त्यांच्या तारांवरही तू आकडे घातलेस. एकच्या नळीवर तीनची टोपी होती. तीनच्या नळीवर एकची.

ती अदलाबदल तुझी नाही. माझी आहे.

जानेवारीत फादर घराला आशीर्वाद द्यायला यायचे होते. आईला वाटत होतं, नव्या खोल्यांवर पहिल्यांदाच तीर्थ शिंपडलं जाणार, तर सगळं लख्ख हवं. मी पॅसेज रंगवला. पेटीही आतून रंगवली, जणू फादर ती उघडून बघणार होते. टोप्यांवर गिलाव्याची धूळ होती, म्हणून फिरवून काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, परत बसवल्या. सगळ्या सारख्याच दिसतात. आकडे बघायचं मला सुचलंही नाही. फादर आले, तीर्थ शिंपडलं, आईने टेबलावर पांढरी चादर घातली होती तिचं कौतुक केलं, चहा घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून आईची खोली गार पडली.

कसं झालं ते तू माझ्याआधी समजून चुकला असशील. आईने आकडा वाढवला की गरम पाणी पॅसेजखाली जायचं. तिच्या खोलीचं पाणी पॅसेजच्या थर्मोस्टॅटच्या हातात, आणि पॅसेज तर आधीच तापलेला, तो कशाला पाणी सोडतो? ती जितकं वाढवी तितकी खोली गार. यंदा उलट: तिचा आकडा मी पाचवर आणला म्हणून पॅसेज गार पडला, आणि गार पॅसेज ऊब मागत सगळं पाणी तिच्या खोलीखाली सोडत राहिला. नोव्हेंबर-डिसेंबरात हीच आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “माझ्या सेवेरिनने माझ्या पायाखाली उन्हाळा पसरलाय.”

मग ती खुर्ची घेऊन पॅसेजमध्ये बसायला लागली, जपमाळ घेऊन. मी म्हणायचे, “आई, दाराच्या वाटेत काय बसतेस, लोक काय म्हणतील? तुझ्यासाठी एवढी खोली बांधली.”

“इथे ऊब आहे गं.”

“खोलीत बावीस आहे. मी आत्ता बघून आले.”

“तुझ्या डबीला काय विचारतेस, बुरासेकला विचार,” ती म्हणाली. “तो कधी खोटं बोलत नाही.”

मला वाटलं म्हातारीचं डोकं चालेनासं झालं. ती सारखी बटणं दाबते म्हणून मी आकडा बावीसवर ठेवून कुलूप लावलं आणि तिला धरून खोलीत नेऊन बसवलं. रोज.

तू जाताना मला शिकवलं होतंस की मोठा आकडा आपण मागितलेला, छोटा आकडा खरा. “ताई, छोटा बघत जा.” मी विसरले असं या पत्रात लिहायचं ठरवलं होतं. तसं लिहून एक कागद फाडलाही.

मी विसरले नव्हते. वीस जानेवारीला मी छोटा आकडा वाचला. सतरा होता. बाहेर उणे अठरा. मला कळलं की काहीतरी बिघडलंय आणि तुला फोन केला तर तू पाच मिनिटांत सांगशील. पण तू नाताळच्या आदल्या संध्याकाळी येतो म्हणून सांगून आला नव्हतास. पहिला तारा दिसला की जेवायला बसायची रीत, पण तो दिसून गेल्यावरही आम्ही तासभर थांबलो होतो, आईने कुणाला अन्नाला हात लावू दिला नाही. मनात म्हटलं, आधी त्याने फोन करावा. आईवर आणखी एक गोधडी घातली. तू फोन केला नाहीस. मीही नाही. अकरा फेब्रुवारीला ती गेली.

डॉक्टर म्हणाले, चौऱ्याऐंशी वय, फुप्फुसं थकलेली, कधीही झालं असतं. तेही खरं असेल. मला ठाऊक नाही आणि आता कळणारही नाही. मला एवढंच ठाऊक आहे की तुझं काम चोख होतं.

एक तारखेला कबरीजवळ मी हे सगळ्यांसमोर सांगितलं, जे त्या दिवशी टेबलाशी होते त्यांच्यासमोर. लुत्सियान माझा हात ओढत म्हणाला, “आता कशाला?” तेओफिला मावशीने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आम्हाला काय सांगतेस? सेवेरिनला सांगितलंस का?” म्हणून हे पत्र.

टोप्या मी बदललेल्या नाहीत. दोन मिनिटांचं काम आहे, पण पेटीला हात लावलेला नाही. माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवावास असं मी काही ठेवलेलं नाही, तेव्हा स्वतः येऊन बघ. तुझे आकडे बरोबर आहेत, जागच्या जागी आहेत. मग तुझ्या हाताने बदल किंवा बदलू नकोस. तोवर पॅसेज गार राहील.

हे पत्र आईच्या खोलीत बसून लिहिते आहे, अनवाणी. रोज येऊन बसते. फरशी गरम आहे, बुरासेक शेजारी आहे. पाय तेवढे तापतात.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी दरवर्षीसारखं, अवचित येणाऱ्या पाहुण्याचं म्हणून, एक ताट जास्तीचं मांडीन. आलास तर तुझं, नाही आलास तरी तुझंच.

जिने सतरा वाचला होता ती,
तुझी ताई
गेनोवेफा